दूध आणि प्रोस्टेटचा कॅन्सर : बाबांचा चहा बंद करायचा का?

दुधाने पुरुषांना कॅन्सर होतो, असा मजकूर मोबाईलवर अधूनमधून फिरत असतो. तो वाचून घरातली मुलगी किंवा सून वडीलधाऱ्यांचा दुधाचा पेला बंद करते. ते बिचारे दिवसाला दोन भाकऱ्या आणि वरणावर आलेले असतात. त्यात दूधही गेले. म्हणून या गोष्टीत खरे किती, ते नीट पाहू.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी. लघवीची नळी तिच्या मधून जाते, त्यामुळे ती वाढली की लघवीला त्रास होतो. उतारवयात बहुतेकांची ती वाढते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे.

मजकूर अगदीच हवेतला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाने २०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिका आणि कॅनडातल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या २८ हजारांहून अधिक पुरुषांवर सुमारे आठ वर्षे लक्ष ठेवले. हा पंथ निवडण्याचे कारण असे, की त्यांच्यात दूध अजिबात न घेणारेही पुष्कळ आणि भरपूर घेणारेही पुष्कळ. शिवाय दारू-तंबाखू बहुतेकांना वर्ज्य. या काळात १,२५४ जणांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. रोज सुमारे ४३० ग्रॅम दूध-दुभते घेणाऱ्यांत तो रोज २० ग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा साधारण पाव पटीने जास्त आढळला. साईचे दूध असो की बिनसाईचे, फारसा फरक नव्हता. कॅल्शियम दुधाऐवजी दुसऱ्या अन्नातून आले, तर धोका वाढलेला दिसला नाही.

‘पाव पट’ ऐकून घाबरू नये. समजा शंभरातल्या चौघांना हा आजार होणार असेल, तर पाव पट वाढून ते पाच होतात. बाकी पंच्याण्णव जणांना तो कसाही होत नाही.

आता आपल्या चहाचा हिशोब करू. ४३० ग्रॅम म्हणजे अर्ध्या लिटरच्या पिशवीला थोडे कमी, आणि तेही एकट्या माणसाचे, रोजचे. आपल्याकडे अर्ध्या लिटरची पिशवी बहुधा पाच माणसांच्या घरात दोन वेळच्या चहाला पुरवतात. कपभर चहात पंचवीस-तीस मिलिलिटर दूध धरले, तरी चार कप पिणाऱ्याच्या पोटात जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर जाते. ज्या प्रमाणाची भीती घातली जाते, त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. (त्या चहातल्या साखरेची काळजी जास्त करायला हवी, पण तो विषय वेगळा.)

शिवाय अशा अभ्यासांतून दोन गोष्टी सोबत चालतात एवढे कळते. एकीमुळेच दुसरी झाली, हे सिद्ध होत नाही. चीनमध्ये पाच लाख लोकांवर झालेल्या अभ्यासात दुधाचा प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही, लिव्हरच्या आणि स्तनाच्या कॅन्सरशी मात्र दिसला. जगभरचे पुरावे तपासणारा वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड प्रोस्टेटबाबतच्या पुराव्याला ‘मर्यादित’ म्हणतो, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपासून दूध बहुधा वाचवते असेही सांगतो. आपली राष्ट्रीय पोषण संस्था तर मोठ्या माणसाला रोज ३०० मिलिलिटर दूध किंवा दही सुचवते. एवढे विकत घेणे किती घरांना परवडते, ते आपण जाणतोच.

तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा पेलाभर दूध-चहा किंवा वाटीभर दही बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला आहे, त्यांचा धोका मुळातच साधारण दुप्पट असतो. त्यांनी लिटर-लिटर दूध पिऊ नये, इतके म्हणता येईल. व्यायामशाळेत जाणारी पोरे दुधावर दूध पितात, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. कॅल्शियम नाचणीत, तिळात, राजगिऱ्याच्या भाजीत आणि काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या सुकटीत भरपूर आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते, धार बारीक पडते, जोर करावा लागतो, हे पुरुष महिनोन्महिने सांगत नाहीत. वस्तीत संडास सार्वजनिक, रांग मोठी, रात्री अंधार. मग कुणी संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, कुणी मेडिकलमधून गोळी आणून गप्प बसतो. बायकोलाही पत्ता नसतो. लघवीत रक्त आले किंवा कंबर-पाठीची हाडे सतत दुखू लागली, तर एक दिवसही थांबू नये.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. लाज वाटते, पण मिनिटभराचे काम आहे. जरूर वाटल्यास पीएसए नावाची रक्ततपासणी करायला सांगतात. हा आकडा साध्या वाढीने आणि लघवीच्या जंतुसंसर्गानेही चढतो, म्हणून रिपोर्ट हातात पडताच घरीच निकाल लावू नये. कॅन्सरची शंका आली, तरच ग्रंथीचा तुकडा काढून तपासतात. पुढचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर असू द्यावे.