प्रकाशबद्ध बहुवारिक लेप

पॉलिप्रॉपिलिनाच्या पृष्ठावर लेप टिकत नाही. कारण त्याच्या रेणूंत कार्बन-हायड्रोजन बंधांवाचून विक्रियेस आधार देणारा गट नसतो. बेंझोफिनोन या बंधांचाच उपयोग करून घेते. सुमारे ३५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांनी उत्तेजित झालेला त्याचा रेणू पृष्ठावरील हायड्रोजन अणू ओढून घेतो. उरलेली दोन मुक्त मूलके परस्परांशी जुळून सहसंयुजी बंध निर्माण होतो. म्हणून बेंझोफिनोन-गट जडविलेले जलस्नेही बहुवारिक लेपून त्यावर प्रकाश टाकल्यास मूळचे जलद्वेष्टे पृष्ठ जलस्नेही बनते. कॅथेटरवर प्रथिने व जंतू चिकटण्यास त्यायोगे आळा बसू शकतो. मात्र लेप बद्ध झाला की नुसता बसला, याचा निर्णय योग्य विद्रावकाने धुतल्यावाचून करू नये.