चकवा लागतो म्हणजे काय होते?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात सुमारे १,४०० मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड आहे. ऐन पावसाळ्यात आम्ही काही जण पाचनईच्या वाटेने गडावर गेलो होतो. देवळापासून कोकणकड्याकडे निघालो आणि धुके दाटले. दहा पावलांपलीकडचे दिसेना. अगदी नाकासमोर चालत राहिलो. पण अर्ध्या तासाने समोर आला तो मघाचाच खडक! विश्रांती घेताना टेकवून ठेवलेली काठी अजून तिथेच होती. कडा नेमका कुठे आहे हे कळत नसल्याने धुके विरेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. खाली आल्यावर एक म्हातारबाबा म्हणाले, "चकवा लागला व्हता तुमाला. बसून ऱ्हायलात ते बरं केलंत."

चकव्याला कोणी भुताटकी मानतात. आपण त्याचे कारण मेंदूत शोधू.

पेशी ओळखली कशी?

मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. तो समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. १९७१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जॉन ओकीफ आणि त्यांचे विद्यार्थी जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांनी उंदरांच्या या भागात अतिशय बारीक तारा बसवून मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या चेतापेशींची नोंद घेतली. चेतापेशी कार्यरत झाली की विजेचा क्षणिक स्पंद उमटतो. तो तारेतून टिपता येतो आणि ध्वनिवर्धकातून 'टक्' असा ऐकूही येतो.

प्रत्येक स्पंदाच्या वेळी उंदीर जिथे असेल, तिथे नकाशावर एक ठिपका द्यायचा. काही पेशींचे ठिपके एकाच जागी गोळा झाले. म्हणजे उंदीर त्या जागी आला की ती पेशी बोलते, एरवी जवळजवळ गप्प असते. दुसऱ्या पेशीची जागा दुसरी. या झाल्या स्थानपेशी.

१९८४ साली जेम्स रँक यांनी दिशापेशी दाखवल्या. उंदराचे तोंड ठराविक दिशेला असले की त्या बोलतात. २००५ साली नॉर्वेत मे-ब्रिट व एडवार्ड मोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हिप्पोकॅम्पसशेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये आणखी एक प्रकार सापडला. तिथल्या एकेका पेशीचे ठिपके अनेक जागी, पण समान अंतरावर पडत होते. ते जोडले की समभुज त्रिकोण तयार होत, जणू ठिपक्यांची रांगोळीच! या जाळीपेशी. ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन हिशेब

आपण कुठे आहोत, याचे मेंदू दोन हिशेब ठेवतो. पहिला आपल्याच चालण्याचा: किती चाललो, किती वळलो. दुसरा बाहेरच्या खुणांचा: झाड, सुळका, देवळाचा कळस. पहिल्या हिशेबात प्रत्येक पावलाला थोडी चूक होते आणि ती साठत जाते. दुसरा हिशेब ती दुरुस्त करतो. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात उंदरांच्या जाळीपेशींमध्ये नेमके हेच दिसले. भिंतीचा स्पर्श होऊन जितका वेळ गेला, तितकी जाळीतली चूक वाढली. उंदीर पुन्हा भिंतीशी आला की ती कमी झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढे काम करणारे सचिन देशमुख आणि अमेरिकेतील जेम्स नीरिम यांनी २०१३ साली हिप्पोकॅम्पसमध्ये अशा काही पेशी दाखवल्या, ज्या खुणेच्या वस्तूपासून ठराविक अंतरावर व दिशेला बोलतात.

धुक्याने आमचा दुसरा हिशेबच पुसून टाकला होता. जर्मनीतील संशोधकांनी २००९ साली माणसांना जंगलात सरळ चालायला सांगितले. सूर्य दिसत होता तेव्हा ती जवळजवळ सरळ गेली. आभाळ भरलेले असताना मात्र गोल फिरली आणि आपलीच वाट ओलांडल्याचे त्यांना कळलेही नाही. एक पाय आखूड असल्याने असे होते, हा समजही टिकला नाही. कारण तीच माणसे कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे वळत होती.

माणसाच्या मेंदूतही जाळीपेशींसारख्या पेशी असल्याचे २०१३ साली अपस्माराच्या रुग्णांत दिसले. उपचारासाठी त्यांच्या मेंदूत तारा बसवलेल्या होत्या. अल्झायमरच्या आजारात एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सला फार लवकर इजा होते. म्हणून जन्म गावात काढलेले आजोबा घराची वाट चुकू लागले, तर 'चकवा' किंवा 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

मैदानावर करून पाहा

मोकळ्या मैदानावर एका विद्यार्थ्याचे डोळे बांधा आणि त्याला ध्वजस्तंभाच्या दिशेने पन्नास पावले चालायला सांगा. सांभाळायला एक जण मुकाट्याने मागे असू द्या. दुसऱ्याने त्याची वाट फक्कीने आखावी. मग पुन्हा चालवा. पण या वेळी दर दहा पावलांनी क्षणभर डोळे उघडू द्या. दोन्ही रेघांत पडलेला फरक मुलांनाच मोजू द्या. म्हातारबाबांनी बसून राहणे बरे का म्हटले, तेही त्यांना विचारा.