चोवीस तासांचं रसायन

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता हर्नडनमधली घड्याळं एक तास मागं जातात आणि पुण्याशी असलेलं साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा तासांचं होतं. फोन आपली वेळ आपणच बदलून घेतो, मायक्रोवेव्हची हाताने बदलावी लागते. शरीराच्या घड्याळाला मात्र असलं कुठलंच बटण नाही. व्हर्जिनियातलं हे गाव डलेस विमानतळाला अगदी लागून आहे, त्यामुळे भारतातून नुकत्याच आलेल्या आजी-आजोबांनी रात्री तीन वाजता चहाचं आधण ठेवणं इथल्या मराठी घरांना नवं नाही. शरीर ढोबळमानाने दिवसाला एखादा तास सरकतं. दहा तासांचा फरक मिटायला आठवडा उलटून जातो.

एवढं हट्टी घड्याळ बनलंय तरी कशाचं? या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर माणसाकडून आलं नाही, ते शैवालाकडून आलं.

शैवालाला कसली आलीय वेळ?

जीवांच्या आत घड्याळ असतं, ही शंका तशी जुनी. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली. एकपेशीय शैवालातही असे ताल १९५०च्या दशकात दिसले. बीट्रिस स्वीनी आणि वूडलँड हेस्टिंग्ज यांनी कॅलिफोर्नियातल्या समुद्रातलं, रात्री चमकणारं गोनिऑलॅक्स हे शैवाल सतत मंद उजेडात ठेवलं, तरी त्याची चमक रोज रात्रीच्या वेळीच वाढायची. कोकणच्या किनाऱ्यावर अधूनमधून लाटा निळ्या चमकवणारा नोक्टिल्युका याच गटातला.

निळ्या-हिरव्या शैवालांना मात्र घड्याळ असेल, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. लोणारच्या खाऱ्या पाण्याला हिरवी झाक देणारं स्पिरुलिना याच कुळातलं. हर्नडनच्या दक्षिणेला असलेल्या लेक ॲना तलावात उन्हाळ्यात पाण्यात न उतरण्याच्या सूचना लागतात, त्याही याच कुळाच्या वाढीमुळे. काटेकोरपणे पाहिलं तर हे जिवाणू. यांच्यातल्या कित्येकांची पेशी दिवस संपायच्या आत दोनदा-तीनदा विभागते. जिचं आयुष्यच दिवसाहून लहान, ती दिवस कशाला मोजेल, असा त्या काळचा युक्तिवाद होता.

तो मोडला भातखाचराने. तैवानमध्ये भातखाचरातून वेगळं केलेलं सिनेकोकॉकस हे शैवाल हवेतला नायट्रोजन फक्त रात्री बांधतं, आणि सतत उजेडात ठेवलं तरी हा ताल चालूच राहतो, असं १९८६ मध्ये दिसलं. कारणही सरळ होतं. नायट्रोजन बांधणारं विकर ऑक्सिजनने निकामी होतं आणि दिवसा प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन तर भरभरून निघतो. एकाच पेशीत दोन्ही कामं करायची, तर पाळ्या लावाव्याच लागतात.

जनुकं सापडली, तरी कोडं उरलं

पुढचं काम जपानमध्ये ताकाओ कोंदो आणि मासाहिरो इशिउरा, अमेरिकेत सुसान गोल्डन आणि कार्ल जॉन्सन यांनी मिळून केलं. सिनेकोकॉकसच्या एका जनुकाला त्यांनी प्रकाश देणारं जनुक जोडलं. १९९३ मध्ये ते शैवाल दिवसाच्या तालावर उजळू-मंदावू लागलं. मग ताल बिघडलेल्या वसाहती शोधत १९९८ मध्ये ते तीन जनुकांपर्यंत पोहोचले: काय-ए, काय-बी आणि काय-सी.

तेव्हा माशीपासून माणसापर्यंत घड्याळाचा एकच नमुना मान्य होता. जनुकावरून प्रथिन बनतं, ते पुरेसं साठलं की आपल्याच जनुकाला थांबवतं, प्रथिन मोडून गेलं की जनुक पुन्हा चालू होतं. माशीतल्या याच चक्राच्या शोधाला पुढे २०१७ चं नोबेल मिळालं. शैवालातही तसंच असणार, हे गृहीत धरलेलं होतं.

२००५ मध्ये नागोयात कोंदोंच्या प्रयोगशाळेने या गृहीतकालाच हात घातला. अंधारात सिनेकोकॉकसची जनुकं जवळजवळ बंद पडतात. तरी काय-सी प्रथिनावरचे फॉस्फेट चोवीस तासांच्या तालावर वाढत-घटत राहिले. मग त्यांनी पेशीच बाजूला ठेवली. तिन्ही शुद्ध प्रथिनं आणि ऊर्जेसाठी एटीपी, एवढंच परीक्षानळीत घातलं. ना जनुक, ना पेशी, ना उजेड. आणि त्या नळीत दिवस उगवू-मावळू लागला. तापमान पंचवीस अंश असो की पस्तीस, फेरीचा वेळ जवळपास तोच. एरवी दहा अंशांनी पाणी तापवलं की रासायनिक क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो, हे लक्षात घेतलं म्हणजे यातलं नवल कळतं.

एक खूण लावायची, एक पुसायची

प्रथिन तयार झालं म्हणजे त्याचं काम संपत नाही. पेशी त्याच्यावर नंतर बारीकसारीक रासायनिक खुणा लावते आणि काढते. फॉस्फेट ही त्यातली सगळ्यात सरसकट वापरली जाणारी. खूण लागली की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि ते कुणाला धरणार, कुणाला सोडणार हेही बदलतं.

काय-सीचे सहा रेणू एकत्र येऊन जोडकडं बनतं, जणू एकावर एक ठेवलेली दोन कडबोळी. प्रत्येक रेणूवर फॉस्फेट बसायच्या दोन शेजारशेजारच्या जागा आहेत, क्रमांक ४३१ आणि ४३२. दिवसा काय-ए या कड्याच्या शेपटाला धरून त्याला फॉस्फेट लावून घ्यायला भाग पाडतं. आधी ४३२ भरते, मग ४३१. दोन्ही भरल्या की कड्याचं रूप पालटतं आणि काय-बीला बसायला जागा होते. काय-बी तिथे बसतं आणि काय-एलाही पकडून ठेवतं. आता काय-सीला ढकलणारं कुणी उरत नाही. फॉस्फेट उतरू लागतात, तेही ४३२ वरचे आधी, ४३१ वरचे नंतर. सगळ्या जागा रिकाम्या झाल्या की काय-बी सुटतं, काय-ए मोकळं होतं, नवी फेरी सुरू.

इतक्या साध्या क्रियेला चोवीस तास का लागतात? कारण ती मुद्दाम मंद ठेवलेली आहे. काय-सीचा एक रेणू दिवसभरात एटीपीचे जेमतेम पंधरा रेणू वापरतो. इतर कित्येक विकरं तेवढं काम सेकंदाच्या आत उरकतात. काय-बीलाही कड्यावर बसण्यापूर्वी आपली घडी मोडून नव्याने घालावी लागते आणि त्यात तास जातात. ही दिरंगाई हेच इथलं कौशल्य.

हे घड्याळ सूर्याशी जुळतं, तेही विलक्षण साधेपणाने. अंधार पडला की पेशीतलं एटीपी घटतं, ते वापरून उरणारं एडीपी वाढतं आणि फॉस्फेट लागण्याचा वेग त्याबरोबर बदलतो. काय-सीला उजेड पाहावा लागत नाही, ऊर्जेची चणचण जाणवली की पुरतं. पुढे पेशीला वेळ कळवायचं कामही फॉस्फेटच करतं. काय-सीची स्थिती वाचून आरपा-ए या प्रथिनावर ते लावलं जातं आणि संध्याकाळची जनुकं जागी होतात.

तेच सूत्र, आपल्या रक्तातही

खऱ्या शैवालांत, म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींत, काय प्रथिनांचं हे घड्याळ नाही, पण सूत्र भेटतंच. फ्रान्समधल्या एका खाजणात सापडलेलं ऑस्ट्रिओकॉकस हे जेमतेम मायक्रोमीटरभर आकाराचं हिरवं शैवाल. अंधारात त्याची जनुकं थांबतात, तरी एका प्रथिनावरची ऑक्सिजनची खूण रोजच्या तालावर बदलत राहते, असं २०११ मध्ये एडिंबरा आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. माणसाच्या तांबड्या पेशींत तर केंद्रकच नसतं. तोच ताल तिथेही निघाला.

फॉस्फेट लावणारं केसिन कायनेज हे विकरही दोन्हीकडे आहे. ते औषधाने अडवलं की ऑस्ट्रिओकॉकसचा दिवस लांबतो. १९८८ मध्ये मार्टिन रॅल्फ आणि मायकेल मेनाकर यांनी वीस तासांचा दिवस जगणाऱ्या हॅमस्टरची नोंद केली. मेनाकर तेव्हाच्या सुमारास हर्नडनपासून दोनेक तासांवरच्या व्हर्जिनिया विद्यापीठात आले आणि पुढे तिथेच राहिले. त्या हॅमस्टरचा दोष याच विकराच्या जनुकात असल्याचं २००० मध्ये कळलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका कुटुंबाचं कोडं सुटलं. त्यातली माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपायची आणि पहाटे साडेचारला जागी व्हायची. त्यांच्या घड्याळाच्या प्रथिनावर फॉस्फेट बसायची एक जागाच नाहीशी झाली होती.

अशा चुकलेल्या तालाची किंमत शैवालानेच मोजून दाखवली आहे. १९९८ मध्ये वेगवेगळ्या लांबीचे दिवस जगणारे सिनेकोकॉकसचे वाण एकत्र वाढवले. उजेड-अंधाराची फेरी बावीस तासांची ठेवली की तेवीस तासांचं घड्याळवालं वाण जिंकलं. तीस तासांची ठेवली की तीस तासवालं. एकेकटे वाढवले, तर सगळे सारखेच वाढत होते.

म्हणून रात्रपाळी, लांबचा विमानप्रवास, उलटसुलट जेवणं यांचा विचार करताना ‘घड्याळाची जनुकं’ एवढं म्हणून भागत नाही. ती बहुतेकांची ठीकच असतात. त्यांच्यापासून बनलेल्या प्रथिनावर कुठल्या तासाला कोणती खूण लागते, ती किती रेंगाळते, यावर दिवसाची लांबी ठरते. झोपेच्या तक्रारींवर औषध शोधणाऱ्यांनी केसिन कायनेजकडे लक्ष वळवलंय ते त्यामुळेच. जनुक बदलणं अवघड असतं. एखाद्या विकराचा वेग थोडा कमी-अधिक करणं औषधाच्या आवाक्यातलं आहे.