परवलीचा शब्द का चुकतो?

वाचकहो, अशी कल्पना करा की शाळेची माहिती भरण्याचा शेवटचा दिवस आहे. गुरुजी संगणकापुढे बसले आहेत. शाळेचा ११ आकडी यूडायस क्रमांक लिहिला, परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड लिहिला, बटण दाबले. पडद्यावर लाल अक्षरे उमटली, ‘माहिती चुकीची आहे.’ पुन्हा लिहिले, पुन्हा तेच! शेजारचा म्हणतो, ‘गुरुजी, हे काही तुमचं काम नव्हे.’ गुरुजींनाही ते खरे वाटू लागते. पण चूक नेहमी लिहिणाराचीच असते काय? पुष्कळदा ती लॉगिनचा फॉर्म तयार करणाराच्या प्रोग्रॅममध्ये असते. अशा चुका कोणत्या व त्या कशा दुरुस्त करावयाच्या, हे आज पाहू.

प्रथम हे ध्यानात घ्या की संगणक अक्षर ओळखत नाही, अक्षराचा क्रमांक ओळखतो. युनिकोड नावाच्या जागतिक तक्त्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. इंग्रजी एकाचा क्रमांक ४९, तर आपल्या देवनागरी एकाचा २४०७. तुम्हाआम्हांला दोन्ही ‘एक’च, संगणकाला मात्र ती दोन निराळी चिन्हे. मराठी कळफलक चालू असताना गुरुजींनी क्रमांक लिहिला, आणि प्रोग्रॅममध्ये ‘फक्त इंग्रजी आकडे घ्यावेत’ एवढीच सूचना असली, की खरा क्रमांकही खोटा ठरतो. याला उपाय अगदी सोपा. तपासणी करण्यापूर्वी देवनागरीचे दहा आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यावेत. दहा आकड्यांचा एक लहानसा तक्ता; बस्स, तेवढ्याने काम भागते.

दुसरी गंमत आपल्या ‘ऱ’ची. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातील ऱ एका कळफलकावरून २३५३ या एकाच क्रमांकाने जातो, तर दुसऱ्यावरून साधा र २३५२ आणि खालचा नुक्ता २३६४ असा जोडीने जातो. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. परंतु नाव नोंदवताना एक पद्धत वापरली आणि आत जाताना दुसरी, तर संगणक म्हणणार, ‘हा माणूस तो नव्हे!’ म्हणून नोंदणीच्या वेळी व प्रवेशाच्या वेळी, दोन्ही वेळा, शब्द एकाच ठरावीक रूपात आणून मगच ताडून पाहावा. युनिकोडने असे रूप ठरवूनच दिले आहे.

तिसरी चूक मोबाइलवर होते. नाव लिहिले की मोबाइल आपण होऊन पुढे एक मोकळी जागा सोडतो, किंवा पहिले इंग्रजी अक्षर मोठे करतो. नावाच्या मागची-पुढची मोकळी जागा प्रोग्रॅमने झाडून टाकावी; त्या चौकटीत अक्षर आपोआप मोठे होऊ नये अशी सूचना द्यावी. पासवर्डातील जागेला मात्र हात लावू नये, कारण ती मालकाने मुद्दाम सोडलेली असू शकते.

येथवर भल्या माणसाला दारात अडवणाऱ्या चुका पाहिल्या. आता चोराला आत सोडणाऱ्या चुका पाहू. या अधिक वाईट.

आमच्या शहराजवळचा देवगिरी किल्ला आपण पाहिला असेल. भोवती खंदक, वर चढण्यास अंधारी वाट. तरीही १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला तेव्हा रामदेवरायाला शरण जावे लागले. धान्याची म्हणून किल्ल्यात आणलेली पोती ऐन वेळी मिठाची निघाली, असे सांगतात. पोती दारातच उघडून पाहिली असती तर! लॉगिनच्या फॉर्मचेही असेच आहे. बाहेरून आलेले प्रत्येक पोते उघडून पाहिले पाहिजे.

पाहा, नोंदवहीत नाव शोधण्याचा हुकूम प्रोग्रॅम तयार करतो, आणि आपण लिहिलेले नाव त्या हुकुमाच्या वाक्यात चिकटवतो. एखादा लबाड नावाच्या जागी अवतरणचिन्ह टाकून पुढे लिहितो, ‘किंवा एक बरोबर एक’. एक बरोबर एक हे तर नेहमीच खरे! मग हुकुमाचा अर्थच पालटतो व दार उघडते. याची दुरुस्ती अशी की हुकूम आणि माहिती यांची गाठ कधी मारू नये. हुकूम आधी पक्का करून द्यावा, त्यात रिकामी जागा ठेवावी, व माहिती वेगळी पाठवावी. मग तिच्यात काहीही लिहिलेले असो, ती केवळ माहितीच राहते. आणि तपासणी पाठवणाराच्या पडद्यावर झाली तरी मुख्य संगणकावर ती पुन्हा व्हावीच; पडद्यावरची तपासणी चोर सहज बंद करू शकतो.

पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवणे हा तर मोठाच अपराध. २००९ साली रॉकयू या अमेरिकन कंपनीत वर सांगितलेल्या युक्तीनेच चोर शिरला, आणि सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघडे पडले. ते सारे साध्या अक्षरांत साठवलेले होते. पासवर्ड दळून ठेवावा. पिठापासून पुन्हा गहू होत नाहीत, तसा त्या पिठावरून मूळ शब्द काढता येत नाही. आत येताना दिलेला शब्द पुन्हा तसाच दळायचा, आणि पीठ जुळते का एवढेच पाहायचे. दोघांचा पासवर्ड एकच असला तर पीठही एकच होईल. म्हणून दळताना प्रत्येकाच्या शब्दात वेगळी अक्षरे मिसळतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली ही रीत मांडली. योगायोग असा, की या मिसळीलाही ‘मीठ’ असेच म्हणतात! देवगिरीवर मिठाने घात केला, येथे मीठच राखण करते.

आता दुरुस्ती करावयाची कशी? आपल्या गावचा एखादा मुलगा अथवा मुलगी हे शिकत असेल, तर त्यांना चार गोष्टी सांगा. चूक आधी स्वतः घडवून पाहावी. जी चूक पुन्हा घडवता येत नाही ती सुधारली की नाही, हे कळणार कसे? एका वेळी एकच बदल करावा. बदलानंतर बरोबर माहितीबरोबर चुकीची माहितीही घालून पाहावी: देवनागरी आकडे, मोकळी जागा, अवतरणचिन्ह, रिकामी चौकट. आणि चौथी गोष्ट म्हणजे पडद्यावरचा शब्द. ‘हे नाव नोंदलेलेच नाही’ असे सांगितले तर चोराला नावे हुडकता येतात. ‘नाव किंवा पासवर्ड जुळत नाही, कळफलक मराठीत आहे का पाहा’ असे लिहावे. चोराला त्यातून काही मिळत नाही, आणि गुरुजींना वाट सापडते.

शिष्यवृत्ती, पीकविमा, दाखले, यांची वाट आज या एवढ्याशा चौकटीतून जाते. ती बांधणाराने निष्काळजीपणा केला तर हक्काचा माणूस हिरमुसून घरी परततो आणि दोष स्वतःला देतो. तेव्हा पुढच्या वेळी लाल अक्षरे दिसली तर खचू नका. कळफलक पाहा, एकदा सावकाश लिहा, आणि तरीही दार उघडले नाही तर काय लिहिले व पडद्यावर काय आले ते टिपून तक्रार करा. मात्र पासवर्ड कोणालाही सांगू नका. नेमकी तक्रार म्हणजे अर्धी दुरुस्ती होय.