फ्रान्सच्या जांदार्मरीचा धडा

एखाद्या बलाढ्य प्रणालीची मक्तेदारी टप्प्याटप्प्याने कशी सैल करता येते, हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी फ्रान्समधील जांदार्मरी या लष्करी शिस्तीच्या पोलीस दलाचा कारभार अवश्य अभ्यासावा. या दलाने २००५ मध्ये दप्तरी लिखाणासाठी ओपनऑफिस स्वीकारले, पुढल्या वर्षी फायरफॉक्स व थंडरबर्ड आणले, आणि अंमलदारांचा हात या साधनांवर बसल्यानंतरच, २००८ पासून, विंडोजच्या जागी उबुंटू लिनक्सवर बेतलेली जेंडबुंटू ही प्रणाली बसविण्याची तजवीज केली. पाया बदलला तेव्हा अंमलदाराला पडद्यावर तोच परिचित ब्राउझर, तीच परिचित टपालपेटी दिसली. आज दलाचे बहुसंख्य संगणक याच प्रणालीवर चालतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपुष्टात आल्यामुळे हा धडा आपल्याही घरी उपयोगाचा ठरला आहे, कारण विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, परंतु सर्वथा धडधाकट असे असंख्य संगणक लिनक्स मिंटसारख्या प्रणालीवर पुढेही निर्वेधपणे चालू शकतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी ती प्रथम पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिली. हार्ड डिस्कला स्पर्शही न करता वायफाय, ध्वनी आणि इन्स्क्रिप्टवरील मराठी टंकलेखन यांची खातरजमा झाली. आपणही, आपल्या फायलींची प्रत आधी काढून ठेवून, हा प्रयोग निःशंकपणे करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.