डोंगरापायथ्याचें शेत

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या लहानशा शेतास एक गिऱ्हाईक आलें. गृहस्थ सुशिक्षित, बोलण्यांत गोड, मोठ्या शहरांत राहणारे. ते स्वतः खातेदार शेतकरी असल्यामुळें कायद्याची अडचण नव्हती. त्यांनीं माती हातांत घेतली नाहीं, विहिरींत डोकावून पाहिलें नाहीं, पीक काय येतें हेंहि विचारलें नाहीं. बांधावरच्या लिंबाखालीं उभे राहून ते समोरच्या डोंगराकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "गुरुजी, मला हा देखावा पाहिजे." चालू दराच्या जवळजवळ दुप्पट किंमत त्यांनीं तेथल्या तेथें सांगितली.

मला त्यांचें हंसूं आलें नाहीं. कारण लहानपणापासून मीहि त्या शेताकडे असाच पाहत आलों आहें. घरीं आल्यावर शेताचें सौंदर्य मी पुन्हां एकदां वर्णन करूं लागलों, तेव्हां आमचें कुटुंब शांतपणें म्हणालें, "इतकें सुंदर आहे, तर वर्षांतून दोनदांच कां जातां?" या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. हा लेख त्या प्रश्नामुळेंच लिहिला जात आहे.

ज्यांनीं बुलढाणा जिल्हा पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. अजिंठ्याच्या डोंगरांची रांग पश्चिमेकडून येऊन या जिल्ह्याचे दोन भाग करते. तिच्या माथ्यावरील पठारास आम्ही 'घाटावर' म्हणतों व उत्तरेकडील पूर्णेच्या खोऱ्यास 'घाटाखालीं'. सोयरीक जुळवितांनासुद्धां पहिला प्रश्न हाच निघतो. तेरा तालुक्यांपैकीं बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगांव राजा हे वरचे. राहिलेले सात खालचे. बुलढाणा शहर सुमारें दोन हजार फूट उंचीवर, घाटाच्या अगदीं कडेशीं आहे. तेथून राजूरचा घाट उतरून मलकापूरच्या वाटेला लागलें कीं मोताळा तालुका येतो. याच तालुक्यांत, डोंगर जेथें संपला आहे पण सपाटी अजून सुरू झालेली नाहीं अशा मधल्या उतारावर, आमचे साडेचार एकर आहेत.

भूगोलाच्या तासास मी मुलांस सांगत असें कीं, आपल्या डोंगराची धार दोन समुद्रांची वांटणी करते. माथ्यावर दक्षिणेच्या अंगास पडलेलें पाणी पैनगंगेंत जातें. ती मेहकरावरून वाहत जाऊन वर्धेस मिळते, आणि तें पाणी प्राणहिता, गोदावरी असें करीत बंगालच्या उपसागरास पोंचतें. त्याच सरीचे उत्तरेस पडलेले थेंब नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या लहान नद्यांतून पूर्णेंत, पूर्णेतून तापींत व शेवटीं सुरतेकडे अरबी समुद्रांत जातात. मुलांना ही गोष्ट फार आवडे. समुद्रास मिळण्यापूर्वीं तें पाणी कोणाच्या शेतांतून जातें व जातांना काय घेऊन जातें, हें मात्र मीं कधीं सांगितलें नाहीं आणि एकाहि विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं.

हें शेत म्हणजे आजोबांच्या वेळच्या जमिनीचा राहिलेला तुकडा. विदर्भासाठीं १९५८ सालीं कूळकायदा झाला आणि आमची बहुतेक जमीन जे ती कसत होते त्यांच्या नांवें झाली. त्याबद्दलची हळहळ आमच्या घरांत पुष्कळ वर्षें ऐकूं येई. परंतु आमच्यापैकीं कोणी नांगर धरल्याचें ऐकिवांत नाहीं, म्हणून ती तक्रार मीं पुढें चालविली नाहीं. डोंगराकडचें हें बरड वावर कोणासच नकोसें होतें. तेवढें आमच्याकडे राहिलें. आज तें माझा एक जुना विद्यार्थी बटईनें करतो. संस्कृतांत त्यास कधीं पस्तीस गुण मिळाले नाहींत. 'क्षेत्र' शब्द चालवितां येईना म्हणून एकदां मीं त्यास बांकावर उभें केलें होतें. क्षेत्र कोणास कळलें होतें, हा प्रश्न त्या वेळीं माझ्या मनांत येण्याचें कारण नव्हतें.

खालच्या बांधावरून पाहिलें असतां शेताचे तीन पट्टे स्पष्ट दिसतात. अगदीं खालीं कपाशी, काळसर हिरवी. मध्यें सोयाबीन आणि तुरीच्या ओळी. वर, डोंगरास टेकून, तीळ व उडीद. त्याच्याहि वर धोंड्यांचा बांध, बांधावर सीताफळीचीं झुडपें, आणि मग एकदम डोंगर. आडव्या थरांचा, सपाट माथ्याचा. जणूं कोणी पायऱ्या घडवितां घडवितां काम अर्धवट सोडून गेला. त्या पायऱ्यांवर साळई, धावडा, पळस दाटीवाटीनें उभे आहेत. आषाढांत ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरतात व माथा दिसेनासा होतो. श्रावणांत कड्यांवरून दोऱ्यांसारखे पांढरे ओहोळ लोंबतात आणि पाऊस उघडल्यावर तासाभरांत नाहींसे होतात. भाद्रपदांत तीळ फुलतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन पिंवळें पडतें, सीताफळें डोळे उघडतात. कार्तिकांत कापूस फुटूं लागतो, तुरीला पिंवळा बहर येतो, आणि मागें गवत वाळून डोंगर सिंहाच्या अंगासारखा पिंगट झालेला असतो.

मला स्वतःला पौषांतली संध्याकाळ सर्वांत प्रिय आहे. डोंगर आमच्या दक्षिणेस व सूर्यहि त्या दिवसांत दक्षिणेकडे कललेला; त्यामुळें छाया लवकर उतरते. प्रथम वरच्या रिकाम्या पट्ट्यावर, मग मधल्या तुरीवर, आणि अखेर कपाशीवर. शेवटचीं कांहीं बोंडें तेवढीं उन्हांत राहतात. ही छाया अंगावरून जातांना एकदम थंडी वाजते. लिंबाखालीं बसून मीं ही घटका अनेकदां अनुभवली आहे, आणि प्रत्येक वेळीं परमेश्वरानें हें चित्र आपल्यासाठींच काढलें, असें मला वाटलें आहे.

चित्र काढणारा कोण, हें मला कुदळीनें शिकावें लागलें. तीन पट्ट्यांच्या तीन रंगांचें मीं एकदां कौतुक केलें, तेव्हां माझ्या विद्यार्थ्यानें कुदळ आणून तिन्ही ठिकाणीं खणून दाखविलें. वर वीतभर मातीखालीं मुरूम लागला. मध्यें गुडघाभर माती होती. खालीं दांडा बुडाला तरी काळीच माती निघत होती. "मास्तर, कुठी काय पेराचं ते म्या नाई ठरवलं, मातीनं ठरवलं," तो म्हणाला. आमचा डोंगर काळ्या दगडाचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पसरलेल्या ज्वालारसाच्या थरांचा. तो झिजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि पाऊस ती थोडी थोडी उतारावर आणून ठेवतो. पाण्याचेंहि तसेंच. खालीं पूर्णेच्या दोहों तीरांवरील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी तोंडीं धरवत नाहीं. आमच्या विहिरीचें गोड आहे, कारण तें डोंगराच्या फटींत मुरून आलेलें आहे. ज्याला मी शेतामागचा पडदा समजत होतों तो डोंगर शेताच्या अंगांतच होता.

पण तो देतो तसा नेतोहि. कांहीं वर्षांपूर्वीं एका रात्रींत असा पाऊस कोसळला कीं वरचा बांध तीन ठिकाणीं फुटला आणि तिळाच्या पट्ट्याची माती नाल्यांत गेली. पुढचा सारा उन्हाळा त्या नवराबायकोनें बांध पुन्हां रचण्यांत घालविला. चुना नाहीं, सिमेंट नाहीं. धोंड्यास धोंडा बसवून, पाणी झिरपावें पण माती अडावी अशा बेतानें. मध्यें सांडव्यासाठीं जागा ठेवली. नाल्यांत साचलेली माती टोपल्यांनीं वर आणून टाकली. त्या दिवसांत मी तेथें गेलों असतां, नव्या बांधामुळें शेताचें रूप किती खुललें आहे, असें मीं म्हटलें. ती बाई डोक्यावरची टोपली न उतरवितां माझ्याकडे पाहून किंचित् हंसली. बोलली कांहींच नाहीं.

वणव्याचीहि अशीच गोष्ट आहे. आमच्या लहानपणीं फाल्गुन-चैत्रांत रात्रीं घाटावर वणवा दिसे. आम्ही भावंडें अंगणांत उभीं राहून ती वांकडीतिकडी सोन्याची माळ पाहत असूं. धाकट्या भावानें तीवर एक कविताहि केली होती व मीं तिचें वृत्त तपासून दिलें होतें. हें मीं मोठ्या कौतुकानें सांगितलें, तेव्हां विद्यार्थी म्हणाला, "वनवा लागला का आमी पयलं धुरा पाह्यतो, मास्तर. गवत जळलं का माती उघडी पडते. मंग पयल्याच पान्यात सारा लोंढा वावरात." त्याच्या घरींहि मुलें वणवा पाहत असत, फक्त तीं टाळ्या वाजवीत नसत.

पस्तीस वर्षें मीं संस्कृत शिकविलें, त्यांत मेघदूतांतील निवडक श्लोक दरवर्षीं येत. पूर्वमेघांत एक प्रसंग आहे. शेतीचें फळ मेघाच्या हातीं आहे हें जाणणाऱ्या खेड्यांतल्या स्त्रिया त्याच्याकडे स्नेहानें ओलावलेल्या डोळ्यांनीं पाहतात, आणि मग तो नुकत्याच नांगरलेल्या, सुवास येणाऱ्या माळावर चढतो. त्या स्त्रियांना भुंवयांचे विलास ठाऊक नाहींत, या विशेषणावर मुलें हंसत. मी समास सोडवून पुढच्या श्लोकाकडे वळें. उज्जयिनीचे प्रासाद, अलकेचे दीप यांवर मीं तासचे तास घालविले, आणि पिकाची चिंता करणाऱ्या त्या डोळ्यांस मात्र व्याकरणापुरतें स्थान दिलें. कविकुलगुरूनें त्यांस यक्षाच्या वाटेंत अगोदर बसविलें होतें, हें ती टोपली पाहिल्यानंतर माझ्या लक्षांत आलें. असो.

गेल्या आश्विनांत मी आयुष्यांत प्रथमच शेतावर रात्रीं राहिलों. वरच्या डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें तें रान १९९७ सालीं राखीव झालें. अस्वलांबद्दल तें प्रसिद्ध आहे. २०१९ सालीं तर यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वराहून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यांत यंत्राचा पट्टा घातलेला, तेलंगणांत जाऊन-येऊन डिसेंबरांत या रानांत पोंचला. त्याची सारी पायपीट सुमारें तीन हजार किलोमीटरांची भरली. वर्तमानपत्रांतून त्याचें फार कौतुक झालें व तें योग्यच होतें. आमच्या पायथ्याच्या लोकांनीं मात्र त्या हंगामांत कापूस वेंचावयास जातांना बायकापोरांस एकटें सोडलें नाहीं. खरा त्रास वाघाचा नव्हे, रानडुकरांचा आणि रोह्यांचा. एका रात्रींत कळप पट्टाच्या पट्टा लोळवून जातो. म्हणून पीक उभें असेपर्यंत जागल करावी लागते.

चार बल्ल्यांवरच्या मचाणावर आम्ही दोघे बसलों. रात्रीं डोंगर दिसत नाहीं, ऐकूं येतो. कोठें फांदी मोडते, कोठें दगड घरंगळतो, एखादें भेकर ओरडतें. प्रत्येक आवाजासरशीं माझा विद्यार्थी मान वळवी आणि हळूच सांगे, "हे काई नाई," किंवा "हे खाली येऊन राह्यले." मग पत्र्याचा डबा वाजवावयाचा, विजेरीचा झोत टाकावयाचा, आरोळी द्यावयाची. तीन वाजेपर्यंत मला तीनदां झोंप लागली. पहांटे धार उजळली तेव्हां देखावा खरोखरच अपूर्व होता. मी त्याला तो दाखविणार, तों तो बसल्याबसल्या झोंपलेला दिसला. रात्र संपल्याची त्याची खूण तीच होती.

तर आतां त्या गिऱ्हाइकाविषयीं. त्यांनीं मला नकाशा दाखविला आहे. तिन्ही पट्टे एका पातळीस आणून हिरवळ, मध्यें घर, आणि वरच्या धोंड्यांच्या बांधाच्या जागीं विटांची भिंत. मीं हें विद्यार्थ्याला सांगितलें, तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "भित पान्याले इचारून बांधा म्हना." शेत विकूं नका, असें मात्र त्यानें एकदांहि म्हटलें नाहीं. मीं खोदून विचारलें, तर म्हणाला, "वावर तुमचं हाय, मास्तर." यापेक्षां तो माझ्यावर रागावला असता तर मला बरें वाटलें असतें. त्यालाच विकावें, तर त्याच्यापाशीं त्या किंमतीच्या निम्मीहि रक्कम होणार नाहीं. धाकट्या भावास पैशाची गरज आहे, त्याच्या मुलीचें शिक्षण चालूं आहे, आणि ती गरज खोटी नाहीं. बटईंतून आम्हां दोघां भावांस जें मिळतें त्यांत शहरांतल्या एका महिन्याचें घरभाडेंहि भागत नाहीं. शेतास भाव आहे तो त्याच्या दिसण्याला; पिकण्याला नाहीं.

कागद तयार आहेत; माझी सही अजून झालेली नाहीं. पाडव्यास बटईचें वर्ष पालटतें, तत्पूर्वीं निर्णय झाला पाहिजे. माघी पौर्णिमेस भाऊ येणार आहे. सोयाबीनच्या जागीं सध्यां हरभरा उभा आहे, म्हणजे जागल चालूंच आहे. या खेपेस भावाला लिंबाखालीं न बसवितां एक रात्र मचाणावर ठेवावें, असें माझ्या मनांत आहे. विद्यार्थ्यास तसें कळविलें. तो थोडा वेळ विचारांत पडला आणि म्हणाला, "आना, मास्तर. पन घोंगडी त्याहिची त्याहिले आनू द्या. माह्यापाशी एकच हाय."