बोलणारी औषधबाटली आणि लखनौच्या गोळीची कसोटी

ठरल्या वेळी ‘औषध घेण्याची वेळ झाली’ असे सांगणारी बाटली ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. मायक्रोकंट्रोलर, घड्याळ, ध्वनी साठवणारी चिप, लहानसा स्पीकर आणि झाकण उघडल्याची नोंद घेणारा चुंबकीय स्विच एवढ्या सामग्रीवर ती तयार होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही ती प्रकल्प म्हणून जमण्यासारखी आहे. अवघड प्रश्न पुढचे आहेत. बाटलीने कधी बोलावे, काय बोलावे आणि कोणासमोर गप्प राहावे? लखनौमध्ये शोध लागलेली एक गोळी हे सारे प्रश्न एकदम उभे करते.

केंद्रीय औषध संशोधन संस्था १९५१ मध्ये लखनौच्या छत्तर मंझिल राजवाड्यात सुरू झाली. डॉ. नित्या आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे सेंटक्रोमन हे स्टेरॉइडविरहित गर्भनिरोधक विकसित केले. १९९१ मध्ये ते ‘सहेली’ या नावाने बाजारात आले आणि २०१६ पासून ‘छाया’ या नावाने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात दाखल झाले. ही गोळी रोज घ्यावी लागत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची असते. पहिली गोळी रविवारी घेतली, तर दुसरी बुधवारी येते.

वेळापत्रक सोपे वाटते, पण स्मरणाच्या दृष्टीने ते फसवे आहे. रोजची गोळी सकाळच्या चहाशी किंवा रात्रीच्या जेवणाशी जोडता येते. आठवड्याच्या गोळीला अशी खुंटी नसते. त्यामुळे बोलणाऱ्या बाटलीचा येथे खरा उपयोग आहे. मात्र दर चोवीस तासांनी वाजणारा साधा गजर येथे घातकच ठरेल. बाटलीला पहिल्या गोळीची तारीख ठाऊक हवी आणि तीन महिने उलटताच बुधवारची आठवण आपोआप थांबायला हवी. गोळी चुकली, तर सांगायचे वाक्यही बदलते. सरकारी मार्गदर्शनानुसार चुकलेली गोळी आठवताच घ्यावी. उशीर सात दिवसांपेक्षा कमी असेल, तर नेहमीचे वेळापत्रक पुढे चालू ठेवून पुढील पाळीपर्यंत निरोधसारखे साधन वापरावे. सात दिवसांहून अधिक खंड पडल्यास पुन्हा आठवड्यातून दोनदा अशी नव्याने सुरुवात करावी लागते. हा फरक न जाणणारी बाटली मुकी असलेलीच बरी.

दुसरा पेच ऐकणाऱ्यांचा आहे. एकत्र कुटुंबात गर्भनिरोधक गोळीचा खासगीपणा स्त्रीला मोलाचा असतो. क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या रुग्णालाही आपले औषध घरभर जाहीर झालेले नको असते. म्हणून औषधाचे नाव उच्चारायचे नाही, आधी हलके कंपन द्यायचे आणि बाटली हातात घेतल्यावरच बोलायचे, अशी रचना अधिक योग्य ठरते. याउलट दृष्टिहीन व्यक्तीला औषधाचे नाव स्पष्ट ऐकू येणेच आवश्यक असते. एकच आवाज सर्वांना चालत नाही.

भाषेची अडचण तांत्रिक नाही. दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज साठवायला सेकंदाला सुमारे आठ किलोबाइट लागतात. पाच सेकंदांचे वाक्य चाळीस किलोबाइटमध्ये मावते. हिंदी, उर्दू आणि अवधी अशा तिन्ही भाषांतील वाक्ये स्वस्त चिपमध्येही सहज बसतात. अक्षरओळख नसलेल्या वृद्धांना घरच्या बोलीतील वाक्य छापील चिठ्ठीपेक्षा नक्कीच उपयोगी पडेल. खरी मर्यादा विजेची आहे. घड्याळ अत्यल्प विजेवर वर्षभर चालते, पण स्पीकरला क्षणभर बराच मोठा प्रवाह लागतो आणि नाण्याएवढा सेल तेथे अपुरा पडतो. मोठा सेल घातला की बाटली जड होते.

त्याहूनही मूलभूत गोष्ट अशी, की भारतात बहुतेक गोळ्या बाटलीत येतच नाहीत. अमेरिकेत औषधविक्रेता गोळ्या मोजून बाटलीत भरून देतो. आपल्याकडे त्या पाकिटात मिळतात. पाकिटाचे वेष्टन गोळीचे दमटपणापासून रक्षण करते. पावसाळ्यात सर्व गोळ्या काढून बाटलीत ओतणे म्हणजे त्या बिघडवण्यास निमंत्रण. म्हणून भारतातील क्षयरोग कार्यक्रमात ‘९९डॉट्स’ची पद्धत पुढे आली. गोळ्यांच्या पाकिटावर खास आवरण असते, गोळी बाहेर काढली की आवरणावर दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो आणि रुग्ण त्यावर निःशुल्क मिस्ड कॉल देतो. पाकिटे तशीच आत ठेवता येतील अशी, दिवा व बझर असलेली डबीही वापरली गेली.

अशा साधनांचा गुण येतो का? चीनमध्ये चार हजारांहून अधिक क्षयरुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचे एक उत्तर मिळते. महिन्यातील वीस टक्के किंवा अधिक मात्रा चुकण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारात २९.९ टक्के होते. आवाज करणारी डबी दिल्यावर ते १७ टक्क्यांवर आले. मोबाइल संदेशांनी मात्र फारसा फरक पडला नाही. अमेरिकेतील ५३ हजारांहून अधिक लोकांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घड्याळी झाकण आणि साध्या डब्या यांचा काहीच लाभ आढळला नाही. विस्मरण हे औषध चुकण्याच्या कारणांपैकी केवळ एक आहे. मळमळ होते, पैसे संपतात, किंवा बरे वाटू लागते. क्षयरोगाच्या सहा महिन्यांच्या उपचारात काही आठवड्यांत ताप-खोकला कमी होतो आणि गोळ्या नकोशा होतात. तेथेच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयरोगाचा धोका सुरू होतो.

शिवाय झाकण उघडले म्हणजे गोळी पोटात गेली असे नाही. बाटलीला फक्त झाकण कळते. झाकण तीन दिवस उघडलेच नाही, ही नोंद मात्र विश्वासार्ह असते, आणि ती आशा कार्यकर्तीच्या मोबाइलवर पोहोचली तर तिला त्या घरी जाऊन विचारपूस करता येते. सेंटक्रोमनच्या बाबतीत हा अवधी सातव्या दिवशी संपतो. आठव्या दिवशी बाटलीने उच्चारायचे वाक्य वेगळे असते आणि ते आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवावे लागते.